मीठ खाणारा खड्डा

"दिवा काय म्हणतो?" कुठलाही वाद निघाला की सर हेच विचारायचे. मग कोटाच्या खिशातून सेल, दोन तारा आणि करंगळीच्या टोकाएवढा बल्ब निघायचा. समोर चहा असो नाहीतर रस्सा, तारांची टोकं त्यात बुडालीच म्हणून समजा. चहात बल्ब लागला नाही. माझ्या बायकोच्या लोणच्याच्या खारात मात्र मिणमिणला. "वहिनी, तुमच्या लोणच्यातून वीज जाते," सर कौतुकाने म्हणाले. तेव्हापासून ती बरणी आमच्या घरात फडताळाच्या मागे गेली.

पिंपरीत कारखान्याचे भोंगे नवे नवे वाजायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मी औषधांच्या कारखान्यात फिटर होतो, सर चिंचवडला शाळेत विज्ञान शिकवायचे. गावातल्या एका शेतकऱ्याने मळ्यात खोल्या काढल्या होत्या, त्यात आम्ही शेजारी. मालक नावाचाच. सगळा कारभार त्याच्या विधवा आत्याच्या हातात होता.

एकदा सरांनी माझ्या स्टोव्हवर पत्र्याचं झाकण ठेवलं आणि त्यात मेण, साखर अन् मीठ वेगवेगळं मांडलं. मेण लगेच पाघळलं. साखर जरा थांबून वितळली, तांबडी झाली. मीठ नुसतं तडतडलं आणि होतं तसंच राहिलं. "याला भट्टीच हवी. तुमच्या स्टोव्हला दाद देणार नाही," सर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आपला मालक मेण बरं का, आणि आत्या मीठ." आत्या नेमकी दारात उभी होती. पुढचे काही दिवस सरांना पाणी उशिरा मिळालं.

मळ्यात वीज आली ती सरांच्याच खटपटीने. त्यांचे डोळे अधू होत चालले होते, कंदिलाच्या उजेडात अक्षर लागत नसे. "वाचन गेलं तर माझ्यात उरतं काय हो?" ते मला एकदा म्हणाले, आणि त्यात थट्टा नव्हती. मालकाने अट घातली, "कुनाला शॉक बसला तर त्याच दिशी तारा उपटीन."

विहिरीवर मोटर बसली. मोटरच्या अंगात वीज उतरलीच तर ती जमिनीत जावी म्हणून शेजारी अर्थिंगचा खड्डा केला. त्यात कोळसा, मीठ आणि मधोमध लोखंडी नळी. सरांनी आत्याला बजावलं, "दर आठवड्याला मूठभर मीठ आणि घागरभर पाणी घालायचं." आत्याने मान डोलावली. पुढच्या शुक्रवारी नळीला हळदकुंकू लागलं, त्याच्या पुढच्या शुक्रवारी झेंडूची माळ आली. आम्ही हसलो, पण खड्ड्याची निगा राहत होती, म्हणून गप्प बसलो.

उन्हाळ्यात मालकाने मोटरला हात लावला आणि असा उडाला की पटका विहिरीत. त्याला काही झालं नाही. पण तो तडक पक्कड घेऊन आला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्यांनी मोठ्या बल्बची एक तार विजेला आणि दुसरी खड्ड्यातल्या नळीला जोडायला लावली. बल्ब जेमतेम तांबूस झाला, म्हणजे खड्डा वीज जमिनीत जाऊच देत नव्हता.

"आत्या, मीठ घालता ना?"

"निवदाच्या ताटात मीठ वाढत्यात व्हय, मास्तर? म्या साखर घालते. एक शुक्रवार चुकिवला न्हाई."

 सरांनी दोन पेले मागवले आणि खिशातला छोटा बल्ब काढला. साखरेच्या पाण्यात तो लागला नाही. मिठाच्या पाण्यात लागला. मालक पक्कड धरून बघतच राहिला. आत्याने दोन्ही पाणी चाखून पाहिलं.

"म्हंजी ह्यो देव खारट खातो?"

"गोड त्याला चालतच नाही, आत्या. थोडाफार तुमच्यावर गेलाय."

आत्याने मिठाचं अख्खं मडकं खड्ड्यात उपडं केलं, वर घागरी ओतल्या. मोठा बल्ब उजळला. "ठिव ती पक्कड," ती भाच्याला म्हणाली, "मास्तरानं काय कंदिलावर डोळं फोडायचं?" मालक पाघळला. मोटर मी दुरुस्त करून आणली.

पुढे दर शुक्रवारी मीठ पडायचं आणि सर बल्ब लावून विचारायचे, "दिवा काय म्हणतो?" आत्याचं उत्तरही ठरलेलं. "दिसंना व्हय?"

सरांच्या डोळ्यांनी मात्र विजेच्या दिव्याखालीही साथ सोडली. रत्नागिरीहून पुतण्या न्यायला आला. गाडी दारात उभी, आणि सर म्हणाले, आधी खड्डा बघू. आत्याने मीठ घातलं, पाणी घातलं. मी तारा जोडल्या. बल्ब इतका लागला की मला मान वळवावी लागली. सर त्याच्याकडेच तोंड करून उभे होते.

"दिवा काय म्हणतो?"

मला वाटलं, नेहमीचंच. मग लक्षात आलं, ते खरोखर विचारत होते.

आत्या नेहमीचं बोलली नाही. तिने त्यांचा हात धरून बल्बच्या जवळ नेला, ऊब लागेल इतपत.

"लख्ख हाय, मास्तर."