निळी पडलेली धार

तिन्ही सुऱ्या जागेवर नव्हत्या. सकाळी किचनमध्ये पाऊल टाकलं आणि आधी तेच दिसलं. मुठींना लाल टेप लावून, "यांना कुणी धार लावायची नाही" असं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तरीही!

मी छत्तीसगडमधल्या नवा रायपूर शहरातल्या एका हॉटेलात शेफ आहे. कटिंग सेक्शनला नवीन सुऱ्या घ्यायच्या होत्या आणि त्याचं कारण होतं फुलेश्वरी दीदी. भाजी चिरण्यात तिच्याइतका एकसारखा हात आमच्याकडे दुसरा नाही. पण बोथट सुऱ्या दाबून दाबून तिचं मनगट सुजलं होतं. असंच चाललं तर हे काम सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तिला सोडायचं नव्हतं, आणि मलाही तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून जपानी सुऱ्यांचे तीन नमुने मागवले. पहिली शिरोगामी, म्हणजे साधं कार्बन स्टील. दगडावर थोडी फिरवली की वस्तऱ्यासारखी होते, पण ओली ठेवली की गंजते. दुसरी व्हीजी-टेन, स्टेनलेस. तिसरी पावडर स्टीलची. यात पोलादाची आधी भुकटी करतात आणि मग ती दाबून ठोकळा बनवतात. ही सगळ्यात कडक.

ट्रायल सोपी होती. तिन्ही सुऱ्यांनी रोज सारखीच भाजी चिरायची. संध्याकाळी पिकलेल्या टमाटरावर सुरी नुसती ठेवून ओढायची. न दाबता साल कापली गेली तर धार शाबूत. शिरोगामी सगळ्यांत आधी थकली, मग व्हीजी-टेन. पावडर स्टील अजून कापत होती. ती बोथट झाली की तिन्हींना धार लावायला किती त्रास पडतो ते पाहायचं, एवढंच उरलं होतं.

"सुऱ्या कुठायत?" मी विचारलं.

तेवढ्यात आमचे जनरल मॅनेजर देशकर साहेब आले. मूळचे नागपूरचे, अत्यंत उत्साही. हातात वर्तमानपत्राचं पुडकं.

"मॅडम, सरप्राइज! आज मालक येऊन राहिले ना. म्हणून काल ड्रायव्हरले जुन्या रायपुरात, ब्राह्मणपाऱ्यात पाठवलं. तिथं चाकावर धार लावणारा बसते. मस्त लावते!"

"साहेब, धार किती टिकते तेच तर आम्ही बघत होतो."

"मग आता अजून टिकन ना! ठिणग्या अशा उडत होत्या म्हणे!"

पुडकं उघडलं. तिन्ही पात्यांच्या कडेला निळसर पट्टा. लोहार पोलादाला पाणी देतो तेव्हा कुठे ते कडक होतं. कोरड्या चाकावर पातळ कड इतकी तापते की ती निळी पडते आणि ते पाणीच उतरतं, म्हणजे पोलाद मऊ होतं. आमच्या महागड्या सुऱ्यांचं उतरलं होतं.

"काहून चिडून राहिल्या? कागद कापून पाहा," साहेब म्हणाले. कागद कापला गेला. ताज्या घासलेल्या कडेनं कागद कापला जातोच. जेवणाच्या वेळेपर्यंत तिन्ही सुऱ्या टमाटरावरून घसरायला लागल्या आणि फुलेश्वरी दीदी मनगट धरून बसली. मी मनात काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी धार लावायचा पाण्याचा दगड काढला. जळलेली कड घासून काढली तरच आतलं चांगलं स्टील लागणार होतं. शिरोगामी लवकर ठिकाणावर आली. व्हीजी-टेनच्या कडेला तारेसारखा पापुद्रा तयार झाला, तो सुटता सुटेना. पावडर स्टीलनं तर खांदे भरून आणले. अर्ध्या पात्यावर निळा पट्टा तसाच.

साहेब पुन्हा आले. "मालक विचारून राहिले, सगळ्यात कडक कोणती?"

"हीच."

"मग हीच घेऊन टाका सेक्शनले!"

"हिला धार कोण लावणार? तुम्ही?"

"तो चाकवाला आहे ना!"

कपाळावर हात मारला असता, पण दोन्ही हात दगडाच्या चिखलानं माखलेले होते. सांगितलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मी शिरोगामी आणि दगड फुलेश्वरी दीदीपुढे ठेवला. कोन दाखवला. पहिल्यांदा तिनं सुरी फार उभी धरली, मग जमलं. टमाटर कापला. मग कांदे घेतले, बरेच घेतले.

"हाथ नइ पिरावत हे, मैडम," ती म्हणाली. हात दुखत नाही.

"पण ही गंजते. प्रत्येक वेळी पुसावी लागेल."

"हव, पोंछ के रखहूँ." हो, पुसून ठेवीन.

मी रिपोर्ट लिहिला: धार सर्वांत जास्त टिकणारी, पावडर स्टील. सेक्शनसाठी घ्यावी, शिरोगामी. साहेब तो घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, टायपिंगची चूक झाली.

"चूक नाही," मी म्हटलं. "सही करा."

त्यांनी सही केली, पण पावडर स्टीलची एक सुरी पाहुण्यांसमोरच्या काउंटरसाठी मागवलीच. ती तिथे छान चमकते. फुलेश्वरी दीदी कटिंगवरच आहे. शिफ्ट संपली की दगडावर सुरी फिरवते, पुसते आणि घरी जाते. सुरी घेताना धार किती दिवस टिकते हे सगळेच विचारतात. धार गेल्यावर ती लावणार कोण, हे आधी विचारावं.