पायगुडेसाहेबांचं तेल

शारजात उतरून मला तीनच दिवस झाले होते, आणि माझ्या मुलाच्या साहेबांनी मला एक मानपत्र लिहायला सांगितलं. मानपत्र त्यांचंच होतं.

"आई, नाही म्हणू नकोस," मंदार हळूच म्हणाला. तो त्यांच्या बांधकाम कंपनीत इंजिनिअर आहे. "रविवारी दुबईतल्या मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमध्ये आमच्या कामगारांना गिफ्ट वाटायचीत. पायगुडेसाहेबांचं म्हणणं, मानपत्र बाहेरच्या माणसानं वाचलं की शोभून दिसतं."

मी सांगलीत तीस वर्षं इतिहास शिकवला. माझ्या निरोपसमारंभाचं मानपत्रसुद्धा मीच आधी तपासून दिलं होतं. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. तेव्हा हे काम मला नवं नव्हतं.

रविवारी सकाळी साहेब स्वतः गाडी घेऊन आले. गोल चेहरा, पांढराशुभ्र शर्ट, फलटणकडची बोली. शारजाहून दुबईला जाणारा रस्ता सुट्टीच्या दिवशीही तुंबलेला होता. दोन्ही बाजूंना मातकट इमारती, मधे ओळीनं लावलेली खजुराची झाडं, आणि आम्ही बैलगाडीच्या वेगानं. वाटेत त्यांनी करक (आटवलेल्या दुधाचा कडक चहा) पाजला. "एक दिरहॅम, म्हणजे वीस-बावीस रुपये," असा हिशेब मी मोठ्यांदा केला, तर मंदारनं डोळे वटारले.

वेळ जावा म्हणून मी साहेबांना प्राचीन ग्रीक शहरांची गोष्ट सांगितली. तिथले श्रीमंत लोक गावजेवणं घालत, नाटकांचा खर्च उचलत, व्यायामशाळेत येणाऱ्यांना अंगाला चोळायला तेल पुरवत. मग शहर त्यांचं नाव दगडात कोरी, नाटकाला पहिल्या रांगेत बसवी.

"म्हणजे आम्ही करतो ते जुनंच आहे!" साहेब खूश झाले. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या दगडावरचं नाव टिकतं किती?"

"काही दोन हजार वर्षं टिकलीत."

"आणि त्यासाठी काय काय द्यावं लागायचं?"

"काहींनी वर्षभर तेल दिलं."

"एवढंच?" साहेब म्हणाले.

कॅम्प म्हणजे तीन मजली इमारतींची रांग. कठड्यांवर वाळत घातलेले निळे डांगरी कपडे, सगळीकडे कांदा परतल्याचा वास. अंगणात साहेबांच्या फोटोचा फलक, त्याखाली साहेबांचा फोटो छापलेल्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी, आणि खोक्यांशेजारी साक्षात साहेब. वाटप झालं. मग साहेब माइकवर म्हणाले, "बोला, आणखी काय पाहिजे?"

हा प्रश्न ते दरवर्षी विचारतात आणि त्याचं उत्तर 'काही नाही साहेब' असं असतं, हे मला मंदारनं नंतर सांगितलं. त्या दिवशी मात्र सळया बांधणारा नामदेव उभा राहिला. सोलापूरकडचा, पन्नाशीचा माणूस.

"तेल पायजे साहेब."

"कसलं तेल?"

"मालिशचं. सळया उचलून खांदं भरून येत्यात. आमच्यात एक बिहारी पैलवान हाय, हात लई चांगला त्याचा. पण तेल आठ दिवसांत खलास."

साहेबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही शिकवलंत यांना?"

"मी तुमच्याच गाडीतून आले," मी म्हणाले.

"बरं. देऊ तेल. इन्शाल्ला (देवाची इच्छा असली तर)."

अंगण एकदम थंड पडलं. साहेबांच्या इन्शाल्लाचा अर्थ तिथं सगळ्यांना पाठ होता: विसरा.

आता मानपत्राची पाळी. दानशूर, उदारचरित वगैरे मी वाचत गेले. समोर नामदेव टाळ्या वाजवत होता, पण त्याचा उजवा हात छातीच्या वर येत नव्हता. शेवटच्या ओळीशी आले आणि कागदावर नसलेलं वाक्य माझ्या तोंडून गेलं: "आणि आज, सर्वांसमक्ष, त्यांनी वर्षभर मालिशचं तेल पुरवण्याचं वचन दिलं, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत."

टाळ्या, शिट्ट्या, 'पायगुडेसाब जिंदाबाद'! साहेब हात जोडून लवले, आणि अर्ध्या लवण्यात आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. काही क्षण ते तसेच वाकलेले राहिले.

आम्हाला परत टॅक्सीनं यावं लागलं. "आई," मंदार म्हणाला, "तुझं परतीचं विमान कधी आहे गं?"

घरी नात 'आजी, यू आर अ लेजंड' म्हणाली, पण मी पंधरा दिवसांची पाहुणी. धोक्यात होती ती मंदारची नोकरी, आणि त्याहून जास्त नामदेवची. सोमवारी साहेब मंदारशी बोलले नाहीत. मंगळवारीही नाही. मी बर दुबईच्या गल्लीत देवळात जाऊन आले, अब्रातून (लाकडी होडीतून) खाडी ओलांडली, आणि दोन्ही काठांवर मला नामदेवच दिसत होता.

बुधवारी फोन वाजला.

"बाई, ते ग्रीक लोक कुठलं तेल वापरायचे?"

"ऑलिव्हचं."

"फार महाग आहे हो. तिळाचं चालेल?"

"पळेल," मी म्हणाले, आणि फोन ठेवून खाली बसले.

पुढच्या रविवारी तेलाचे डबे घेऊन आम्ही पुन्हा कॅम्पवर. मोरीशेजारच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगात साहेबांचं नाव रंगवलं होतं. "नुसता रंग?" साहेब माझ्या कानात पुटपुटले.

"आधी वर्ष पुरं करा," मी म्हणाले.

उद्घाटन म्हणून साहेबच स्टुलावर बसले, गंजिफ्रॉकवर. पैलवानानं खांद्यात अंगठा रोवला तसे ते केवढ्यांदा ओरडले! अंगण हसलं. मग हळूहळू त्यांचे डोळे मिटले.

"ही गाठ शटरिंगची आहे, नामदेव," ते डोळे न उघडता म्हणाले. "अकरा वर्षं स्लॅबखालच्या फळ्या वाहिल्यात मी इथं."

"ठावं हाय साहेब," नामदेव म्हणाला. "म्हनून तर तुमच्याकडं मागितलं."

साहेबांनी स्टूल रिकामं केलं आणि नामदेवला त्यावर बसवलं. आम्ही सगळ्यांनी मिळून जवसाची चटणी आणि खबूस (भट्टीतली जाड रोटी) खाल्लं. मंदार साहेबांच्या शेजारी बसून जेवला.

आता सांगलीत बसून हे लिहिते आहे. 'ग्रीक श्रीमंत दान का करीत?' हा प्रश्न मी कितीतरी परीक्षांत घातला. 'प्रसिद्धीच्या हव्यासापोटी' असं लिहिलं की पाचपैकी पाच गुण देत असे. आज पेपर हाती आला तर चारच देईन. मागणारे कोण होते आणि त्यांनी नेमक्या कुणाकडे, कशासाठी हात पसरला, हे एकाही मुलानं लिहिलं नव्हतं. त्यांची चूक नाही. मी शिकवलंच नव्हतं.