महोदय, आमचे गाव समुद्रात दिसत आहे

मागच्या काही आठवड्यांत मला स्वतःचं नाव नेटवर शोधायची सवय लागली होती. कौतुक म्हणून नाही. ते आणखी कुठे पोचलं आहे का, एवढंच मी बघायचो.

मी हिंगोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. बाबा हिंगोली, सेनगाव, गोरेगाव अशी जीप चालवतात. प्रोजेक्ट म्हणून मी आमच्या भागातले हातपंप नकाशावर दाखवायचं ठरवलं होतं, कुठला चालू, कुठला बंद. नकाशासाठी एक ओपन सोर्स प्रोजेक्ट घेतला. असा प्रोजेक्ट कुणालाही फुकट वापरता येतो, आणि त्याचा सगळा कोड उघडून वाचताही येतो.

गावोगावच्या हातपंपांच्या जागांचे आकडे भरले, पान उघडलं, तर आमचा जिल्हा रिकामा. एकही ठिपका नाही. नकाशा लहान लहान करत गेलो तेव्हा सगळे हातपंप सापडले. ते पृथ्वीच्या पार वरच्या टोकाला, बर्फाच्या समुद्रात होते.

मी शोधलं. कसं, ते सांगायला आता संकोच वाटतो. शोधायच्या चौकटीत मी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘माझं गाव समुद्रात दिसत आहे, कृपया मदत करा.’ समोर माणूसच बसलाय असं समजून. आले ते पुराचे फोटो आणि बुडालेल्या बंदरांच्या बातम्या.

मग मला त्या प्रोजेक्टचं एक पान दिसलं. तिथे कुणीही आपली अडचण लिहू शकत होतं. मला ती एखाद्या कार्यालयाची खिडकी वाटली, आणि खिडकीवर अर्ज द्यायचा असतो एवढं मला माहीत होतं. शाळेत माझा अर्ज नमुना म्हणून फळ्याशेजारी लावला जायचा. तसाच लिहिला, इंग्रजीत. प्रति, विषय, महोदय. ‘वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपल्या नकाशात आमचे गाव उत्तरेकडील बर्फाच्या समुद्रात दिसत आहे. तरी योग्य ती दुरुस्ती करण्यात यावी, ही नम्र विनंती.’ खाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’, पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, कॉलेजातला हजेरी क्रमांक. आणि बाबांचा मोबाईल नंबर, कारण आजवर भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर पालकांचा नंबर मागितलेला होता.

पाठवला आणि लगेच बाबांना फोन केला. म्हटलं, “नकाशा करणाऱ्या परदेशी लोकांना लिहिलंय. आता जगात कुणालाही ते दिसेल.”

“कुणालाबी?” बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजातला आनंद मला फोनवरही कळला.

सकाळी उत्तर आलं. ‘नकाशात चूक नाही. उत्तर डॉक्युमेंटेशनच्या या पानावर आहे. कृपया विचारण्याआधी शोधत चला. तुमच्या सुरक्षिततेसाठी फोन नंबर काढून टाकला आहे.’ मधे त्या माहितीच्या पानाची लिंक होती, आणि माझ्या अर्जावर ‘बंद’ असा शिक्का. त्या माणसानं वाईट काहीच लिहिलं नव्हतं. तरी माझे कान तापले. नंबर काढण्याचं तर जास्तच लागलं. लहान मुलाच्या सदऱ्याची बटणं दुसऱ्यानं लावून द्यावीत तसं वाटलं. मी ती लिंक उघडली नाही. खिडकी बंद केली आणि कॉलेजातल्या सरांना सांगितलं, सर्व्हर चालत नाही.

त्यानंतर मी शोधायला शिकलो, पण नकाशासाठी नाही. नाव अवतरणचिन्हांत टाकलं की नेमकं तेच येतं, हे कळलं. माझा अर्ज दुसऱ्या दोन साइटींनी उचलून आपल्याकडे ठेवला होता, तोही सापडला. तो कसा पुसता येईल हे बघताना मी इतर प्रोजेक्टांमधले लोकांचे प्रश्न वाचायला लागलो. कुणीही पूर्ण वाक्य शोधत नव्हतं. कोडातलं फंक्शनचं नाव, नाहीतर एररची नेमकी ओळ, बस. प्रश्नही तसेच. मी हे केलं, असं झालं, हा माझा कोड. महोदय कुठेच नाहीत. जिल्हा कुणीच लिहिलेला नाही. प्रत्येक प्रश्न वाचला की माझा अर्ज मला अजून लांबलचक वाटायचा.

एका शनिवारी घरी जायला बाबांच्याच जीपमध्ये बसलो. पुढे त्यांच्या शेजारी एक तरुण शिक्षक होते, माझ्या बाजूला मांडीवर भाजीची पाटी घेतलेली एक मावशी.

“सर, ह्ये आमचं लेकरू,” बाबा म्हणाले. “फॉरेनच्या लोकायला लिहिलं त्यानं. नेटवर नाव टाकलं की येतंय.”

“बाबा, राहू द्या न.”

“काहून राहू दे? चोरी केली का तू? टाका सर तुमी, तालुका बी टाका.”

सरांनी टाकलं. आलं. येणारच होतं, नाव आणि तालुका मीच तर लिहून ठेवला होता.

“अरे, हा तर शाळेतला अर्ज!” सर हसत मोठ्यानं मराठी करून वाचू लागले. गाव बर्फाच्या समुद्रात दिसतंय इथवर आले तेव्हा मावशीनं पाटीवर हात मारला.

“म्हंजी आपलं गाव बर्फात? बरं झालं माय, उन्हाळ्यात पंखा लावायची तकलीफ न्हाई.”

“पोराला इचार,” बाबा हसत म्हणाले, “परत कवा आणतो त्ये.”

सरांनी ओघात उत्तरही वाचलं. चूक नाही, पानावर आहे, विचारण्याआधी शोधा. ‘शोधा’ म्हणताना त्यांचा आवाज खाली आला. फोन नंबरचं त्यांनी वाचलंच नाही. फोन खिशात घालून ते बाहेर बघत बसले.

बाबांनी समोरच्या ट्रॅक्टरला वाट दिली. मग आरशातून मला विचारलं, “मंग? आता गाव आलं का जागेवर?”

“न्हाई.”

“काहून? कुठं बघायचं ते सांगितलं न त्यानं.”

मी ती लिंक अजून उघडलीच नव्हती.

“मी तर समद्यायला सांगून राहिलो,” बाबा म्हणाले, “पोराचं काम झालं म्हणून.”

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. आपलं काहीतरी ऐकण्यात चुकलं असावं, अशा आवाजात ते म्हणाले.

घरी पोचल्यावर जेवायच्या आधी मी ती लिंक उघडली. पान लहानसं होतं. वरच लिहिलं होतं, या प्रकारच्या फाइलीत आधी रेखांश द्यायचा, मग अक्षांश. मी सगळीकडे उलटं भरलं होतं. अदलाबदल केली आणि नकाशा पुन्हा उघडला. हातपंप आमच्या रस्त्याच्या कडेनं आपापल्या गावात उभे होते. एवढं सोपं होतं, याचीच जास्त लाज वाटली.

त्या बंद अर्जाखाली मी दोन ओळी लिहिल्या. काय उलटं झालं होतं, आणि काय बदलल्यावर बरोबर आलं. कुणाला महोदय म्हटलं नाही, आभार मात्र मानले. अर्ज पुसायची विनंती करायला बोट गेलं होतं, पण नाही केली. बाबांना आतून ओरडून सांगितलं, गाव आलं जागेवर. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि हात धुवायला गेले.

पुढच्या शनिवारी जीपमध्ये कुणीतरी त्यांना विचारलं, “ह्येच का ते नेटवरचं पोरगं?”

“व्हय,” बाबा म्हणाले. एवढंच. एरवी त्यांनी फोन काढायला लावला असता. आता नकाशा बराबर हाय, बघता का, असं मीच म्हणायला हवं होतं. सेनगाव आलं, विचारणारा माणूस उतरला, आणि मी तसाच बसून राहिलो.