तळघरातली जाग

जुन्या रेल्वेच्या बांधावरून निम्मी वाट सरली होती. सरोवरावरून आलेलं धुकं झाडांच्या कमरेला बिलगलं होतं, आणि पुढे चालणारी इल्मा कांगास पाण्यातून चालल्यासारखी दिसत होती. सारा गाव तिला मुम्मो म्हणे, म्हणजे त्यांच्या बोलीत आजी. तिच्या मागून चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मार्यो येत होती. तिच्या पिशवीत मुम्मोने भाजलेला वेलदोड्याचा पाव होता, त्याचा वास वाटभर दरवळत होता.

मुम्मोच्या डोळ्यांनी दगा दिला होता. उद्या ती कायमची ॲरिझोनाला, लेकीकडे जाणार होती. तिच्या माघारी चर्चच्या तळघरातलं मशीन आपलं आपण उठेल का, तेवढं पाहायला दोघी निघाल्या होत्या.

मशीन म्हणजे कुणीतरी टाकून दिलेला कॉम्प्युटर. घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यांना रविवारची प्रार्थना ऐकू येई ती त्याच्यामुळे. मशीन चालवणारी लिनक्स नावाची मोठी प्रणाली त्याला पेलेना, म्हणून मुम्मोने तिचीच चिमुकली आवृत्ती घातली. प्रसारणाचा प्रोग्राम बसवताना सूचनांच्या शेवटी लिहिलेलं होतं की आता कारभाऱ्याला, म्हणजे मशीन सुरू होताच बाकीच्यांना उठवणाऱ्या प्रोग्रामला सांगा, ह्याला उठवत जा. पण ह्या चिमुकल्या घरात तसा कारभारीच नव्हता. वीज जाऊन आली की मशीन उठे, प्रोग्राम निजलेलाच राही. मग मुम्मो बर्फ तुडवत जाई, आपल्या हाताने त्याला उठवी आणि तिथूनच घरोघर फोन करून कळवी. डोंगराखाली एकटा राहणारा सुलो तर पहिल्याच घंटीला फोन उचले.

तिला त्याचं काही वाटत नसे. खाणकामगाराची ती मुलगी. लहानपणापासून घरात पहिली जाग तिची. आधी चूल पेटवायची, मग बापाला हाक मारायची.

मागे मार्योने मशीनच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये प्रोग्रामला उठवणारी एक ओळ घातली होती. पुढे वीज जाऊन आली त्या रविवारी सगळी घरं मुकी राहिली. इंटरनेट यायच्या आत प्रोग्राम उठला, त्याला कुणी दिसेना, तसाच बंद पडला.

"चूल पेटायच्या आधी बापाला हाक मारलीस तू," चालता चालता मुम्मो म्हणाली.

"तुमचा बाप निदान शिव्या तरी द्यायचा, मुम्मो. हे मेलं गप्प पडलं."

आता मार्योने ते नव्याने लिहिलं होतं. आधी इंटरनेट आलंय का बघायचं, नसेल तर थांबायचं, मगच हाक.

तळघरात ओल्या लाकडाचा वास होता. मुम्मोने स्वतः प्लग काढला आणि पुन्हा लावला. हिरवा दिवा लागला. दोघी बाकावर बसून राहिल्या. मुम्मोचे ओठ हलत होते, प्रार्थना असावी. तिचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि कोटाच्या खिशात शिरला.

मग प्रसारण ऐकायला लावून ठेवलेल्या मार्योच्या मोबाइलमधून बारीक टिकटिक येऊ लागली. वर रिकाम्या चर्चमधलं घड्याळ. मायक्रोफोनने ते टिपलं होतं आणि तीच टिकटिक आता सगळ्या घरांत पोचत असणार.

मुम्मो बराच वेळ ऐकत राहिली. "उठलं गं," ती म्हणाली. मग पाव मोडून अर्धा मार्योच्या हातावर ठेवला.

"वीज जाऊन आली की सुलोला फोन करत जा. आता ते आपलं आपण उठतं, मग फोन कशाला, असं तोच म्हणेल. तरी कर. आधी लाकडं आत आणलीस का विचार, मशीनचं मग."