रंजनाचा उजवा हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अकोल्याच्या प्रशिक्षणांत कितीतरी शिक्षकांसमोर तो तास मी रंगवून सांगितला, टाळ्या घेतल्या — पण त्यातली एक गोष्ट दरवेळी गाळली. इतक्या सफाईनं गाळली, की मधली काही वर्षं मलाही ती घडलीच नाही असं वाटायचं.

आधी तासाचं सांगू द्या. तास चांगलाच होता. ते मी आजही मान वर करूनच सांगेन.

भातकुलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवीला इंग्रजी शिकवायचो. पोरं ‘मी गो टू स्कूल’ म्हणायची. का नाही म्हणणार? आपला मराठीतला ‘मी’ तोंडात तयारच असतो, आणि इंग्रजीतही तसाच ऐकू येणारा एक शब्द आहे — फक्त कर्त्याच्या जागी तो चालत नाही. शिवाय बापाला मान द्यायला अनेकवचनी ‘दे’ म्हणायची. बाबा आले, बाबा गेले — मग एकट्या बापाला ‘ही’ कसं म्हणायचं? एका पोरानं मला सरळ सांगितलं, “सर, बाबाले ‘तो’ म्हटलं तं घरी मार पडते.”

पाठांतर करून घेतलं. आठवडाभरात सगळं साफ विसरले. मग मी वर्गात चुन्यानं एक रेघ ओढली आणि तिला उंबरा म्हटलं. जो काम करतो तो उंबऱ्याबाहेर उभा राहणार — आय, वुई, ही, शी, दे. ज्याच्यावर काम होतं तो आत बसणार — मी, अस, हिम, हर, देम. माणूस तोच, पण उंबरा ओलांडला की नाव बदललं. घरात बाप्या, चावडीवर बापूराव. आणि इंग्रजीत बापाला ‘ही’ म्हटल्यानं त्याचा मान जात नाही, तिथं राजाही ‘ही’च असतो, हेही सांगितलं. पोरांना ते इतकं पटलं की कुणी चुकून ‘हिम गोज’ म्हटलं की अख्खा वर्ग ओरडायचा — “आत जाय बे!” मी दाराशी उभा राहून ऐकायचो. ऊर भरून यायचा. का नाही येणार? ते माझं होतं. कुठल्या पुस्तकातलं नव्हतं.

मग कळलं, की शिक्षण खात्याचे मोठे साहेब तास बघायला येणार. गावातल्या आईबापांनाही बोलावलेलं.

इथंच ती गाळलेली गोष्ट येते. मी वर्गाला एक युक्ती शिकवली. साहेबांनी विचारलं की सगळ्यांनी हात वर करायचा. येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. मी फक्त उजव्यांना उठवणार. साहेबांना दिसणार हातांचं रान. पुष्कळ शाळांत चालतं हे, मलाही एका जुन्या गुरुजींनीच सांगितलेलं. पण डावं कोण, उजवं कोण, हे मी पोरांना ठरवू दिलं नाही. मीच बोट दाखवत गेलो — तू उजवा, तू डावी. कुणाची परीक्षा घेतली? कुणाचीच नाही. पुढच्या बसकरपट्टीवरची उजवी. मागच्या पट्टीवरची, उशिरा येणारी, गावाच्या खालच्या अंगाची — डावी. तिथलीच एक रंजना — डावी. का, असं तिनं विचारलं नाही. आणि मला तरी सांगता आलं असतं का?

साहेब आले. खिडक्यांशी आईबाप उभे होते. रंजनाचा बाप कापसाच्या जिनात कामाला होता. पाळी बदलून आलेला, अंगात धुतलेला सदरा, खिडकीचा गज धरून उभा. मी उंबऱ्याचा खेळ दाखवला. तास असा चढत गेला, की साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. शेवटी ते म्हणाले, आता कुणीतरी आपल्या वडिलांविषयी सांगा, दोन वाक्यं.

हातांचं रान उभं राहिलं. त्यात मागच्या पट्टीवर रंजनाचा हात — उजवा.

मी पाहिला. नीट पाहिला. मला वाटलं, पोरगी गोंधळली, नेम विसरली. मी नजर तिच्यावरून पुढे नेली आणि पुढच्या पट्टीवरच्या एकाला उठवलं. त्यानं घडाघडा सांगितलं. टाळ्या पडल्या. मग दुसऱ्याला उठवलं, मग तिसऱ्याला. बाकीचे हात एकेक करून खाली आले. तिचा आला नाही. मी मात्र फळ्याकडे वळलो.

सगळे गेल्यावर मी तिला बोलावलं.

“तुले डावा सांगतला होता न? उजवा काहून केला?”

“मले येत होतं, सर.”

एवढंच म्हणाली. मग उभी राहिली. कशासाठी उभी राहिली, हे तेव्हाही मला कळलं होतं. ‘म्हण बरं’ — दोन शब्द होते. मी म्हणालो, “जा आता, घंटा झाली.” कारण तिला खरंच येत असतं तर? माझं बोट चुकलं होतं, हे मला मग कबूल करावं लागलं असतं.

त्या तासानं मला अकोल्याला नेलं, प्रशिक्षक केलं. उंबरा आज कितीतरी शाळांत ओढला जातो. त्याचा अभिमान मला आहे, तो खोटा नाही. उजव्या-डाव्याचं मात्र मी कुठं बोललो नाही.

यंदा अंजनगावला एका लग्नाला गेलो होतो. बाजारात शिवणकामाच्या दुकानातून बाई धावत बाहेर आली, पाया पडली. रंजना. आत नेलं, चहा मागवला, शेजारच्या मशीनवालीला सांगितलं, “हे माहे सर. साहेब आल्ते तवा आमी सरचे डावे हात होतो. पण कोणाले सांगतलं नाई आमी आजवर.” आणि मनापासून हसली. मीही हसलो. हसलोच की.

कोपऱ्यात म्हातारा काज-बटणं करत बसला होता. तिचा बाप. चष्मा वर करून मला म्हणाला, “सर, मी खिडकीत होतो त्या दिवशी. सगळ्याइचे हात खाली आले, हिचा एकटीचा वरच. जिनात साऱ्याइले सांगतलं मी — माही पोरगी सगळ्यात हुशार.”

रंजना खाली बघून दोरा ओवत राहिली. डाव्या-उजव्याचं तिनं त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. कधीच.

मी चहा संपवला आणि निघालो. तिथंच तिला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

वडिलांविषयी दोन वाक्यं सांग, रंजना — हा एक प्रश्न मी तिला देणं लागतो. तिच्या बापासमोर.