चिनी धागा आणि लताबाईचा कोसा

"सायेब, हा चिनी धागा बंद करा," लताबाई म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ मोतीराम शेजारीच होता. "बंद केला तं माह्या मागाले कुलूप लागन."

सन दोन हजारच्या सुमाराची गोष्ट. मी रेशीम खात्यात होतो आणि आरमोरीजवळच्या गावात बैठक चालली होती. लताबाई ऐनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे पाळायची. कोसे उकळून, मांडीवर वळून धागा काढायची. मोतीराम त्याचं कापड विणायचा. मग आयात खुली झाली, स्वस्त चिनी धागा आला आणि भावाने बहिणीचा धागा घेणं सोडलं. गेल्या हंगामाचा धागा तिच्याकडे पडून होता. तो विकला गेला नाही तर आता झाडावर आहेत ते किडे शेवटचे, असं तिने ठरवलं होतं.

"का घेत नाहीस?" मी मोतीरामला विचारलं.

"मागावर तुटते नं सायेब. दिवसभर गाठीच मारत राह्यतो."

चूक दोघांचीही नव्हती. बैठकीला आलेल्या आमच्या वरिष्ठ साहेबांना मात्र वर कळवायला एकच उत्तर हवं होतं. "आयातीवर जादा कर लावावा का? हो की नाही, तेवढं सांगा." लावला तर भाऊ बुडतो, न लावला तर बहीण.

दुपारी सरपंचांनी साहेबांसाठी तलावाची मासोळी केली होती. मोतीरामने वाटी बाजूला सरकवली.

"आवडत नाही?"

"आवडते. पर बाईचे किडे झाडावर हायेत."

थोरल्या बहिणीला तो बाई म्हणायचा. झाडावरून कोसे उतरेपर्यंत पाळणाऱ्यांच्या घरात मासोळी वर्ज्य, हा तिकडचा नेम. बहिणीचा धागा नाकारणारा हा गडी तिच्या किड्यांसाठी कोरडा भात चिवडत होता.

हात धुताना मी त्याला म्हटलं, "मागावर ताण येतो तो उभ्या धाग्यावर. तो चिनी ठेव. आडवा बाईचा घाल."

"जाडाभरडा दिसन."

"दिसू दे. एक थान विणून तर बघ."

त्याने कुरकुरत विणलं. नागपूरच्या दुकानदाराने त्या खरबरीत पोतावरून हात फिरवला आणि आणखी मागितलं.

साहेबांना मी सांगितलं, "उत्तर हो-नाहीत बसत नाही." ते वैतागले. वर काय कळवलं, मला कळलं नाही.

कोसे उतरले त्या दिवशी लताबाईने मासोळी रांधली आणि पहिली वाटी भावाला वाढली. पुढच्या वर्षीही तिने किडे ठेवले.

आयातीच्या बाजूने आणि विरोधात मी नंतर पुष्कळ भाषणं ऐकली. दोन्ही बाजू एकाच पंगतीत जेवत असतात, हे त्यात कोणी हिशेबात धरत नाही.