चपातीपुरते मौन
ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास आला की कोल्हापुरातल्या आमच्या घरातली ती दुपार समोर येते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. चपाती जेवायची असली की दोन कानांच्या तांब्याने हातांवर पाणी घ्यायचे, प्रार्थना म्हणायची आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत बोलायचे नाही. भाकरीला किंवा फळांना हा नियम नाही, असे आईने शिकवले होते. त्या दिवशी तिचे दफन करून आम्ही परतलो, तेव्हा शेजारच्या मावशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मी सवयीने हातांवर पाणी घेतले. ते गार होते की कोमट, हे मला जाणवले नाही. मग ताटासमोर गप्प बसले. घास मोडेपर्यंत बोलावे लागणार नव्हते, म्हणून मी तो मोडतच नव्हते. “भाऊ, पोरगी सकाळधरनं रडली न्हाय का तोंड उघडलं न्हाय. हिला काय तरी इचारा की!” मावशी म्हणाल्या. वडिलांनी माझ्या ओल्या हातांकडे पाहिले, मग ताटातल्या भाकरीकडे. भाकरी मोडताना माझा हात आजही क्षणभर थांबतो आणि त्यांचा आवाज ऐकू येतो. माझ्या डोक्यावर तळवा ठेवून ते एवढेच म्हणाले होते, “बोल.”